चाकाखालचं लाकूड

दिवाळीच्या फराळाचे डबे अजून रिकामे झालेले नसतात, आणि पुण्या-मुंबईहून घरी आलेली मुलं विचारू लागतात, "या आठवड्यात गावात पाहण्यासारखं काय आहे?" संपादकांनी मला नेमकं हेच लिहायला सांगितलं होतं. पाडव्यापासून पुढचे दहा-बारा दिवस जळगावात, आणि जमलं तर धुळ्यात, काय पाहावं, कुठं जावं, काय खावं.

यादी करायला वेळ लागला नाही. जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ, 2012 साली सुरू झालेलं. त्याला निवांत अर्धा दिवस द्यावा. सकाळी मेहरूणचा तलाव. जुन्या जळगावात चौधरी वाडा, जिथं कवयित्री बहिणाबाई सासरी आल्या आणि जिथं त्यांचं जातं फिरलं. धुळ्याला जाणाऱ्यांनी राजवाडे संशोधन मंडळ चुकवू नये. 31 डिसेंबर 1926 रोजी इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात वारले आणि पुढच्या दहा दिवसांत, 9 जानेवारी 1927 ला, गावानं त्यांच्या कागदांसाठी मंडळ उभं केलं. धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिर. नानासाहेब देवांनी गावोगावच्या मठांतून जमवलेली हस्तलिखितं तिथं आहेत. खाण्याचं विचाराल तर थंडी पडू लागली की आसोदा, भादली, बामणोदची हिरवी वांगी बाजारात येतात. काड्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, सोबत कळण्याची पुरी. इथल्या या भरिताच्या वांग्याला आणि केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण चवीचा दाखला त्याआधी कुणी मागितला नव्हता.

एवढं लिहून मी थांबलो असतो. पण यादीतली शेवटची ओळ लिहिताना गेल्या वर्षीची एकादशी आठवली आणि तिथंच अडकलो. ती ओळ होती, "कार्तिकी एकादशी, श्रीरामाचा रथ."

जळगावकरांना या रथाबद्दल सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. जुन्या गावातल्या श्रीराम मंदिर संस्थानाचे सद्गुरू अप्पा महाराज यांनी 1872 साली हा उत्सव सुरू केला. म्हणजे 2022 मध्ये त्याला दीडशे वर्षं झाली. पंढरीच्या वारीला इथून जाणारी मुक्ताबाई-राम पालखी हेही त्यांचंच काम. पाडव्यापासून रोज रात्री एक वहन निघतं. घोडा, हत्ती, सिंह, शेषनाग, सरस्वती, चंद्र, सूर्य, गरुड, मारुती अशा वहनांवरून देव गावात फिरतात, गल्लीगल्लीत पानसुपारी होते, भजनं होतात. या सगळ्या रात्रींनंतर एकादशीला दुपारी आरती होऊन रथ हलतो आणि परत मंदिरापाशी येईपर्यंत मध्यरात्र होते.

रथ पाहायला आलेला माणूस वर पाहतो. वर झेंडूच्या माळा असतात, केळीचे खांब असतात, रामाची मूर्ती असते. मीही लहानपणापासून वरच पाहत आलो. गेल्या वर्षी गर्दीनं मला एका ओट्याच्या कडेला रेटलं आणि माझी नजर खाली गेली. तिथं चाकाशेजारी एक म्हातारा माणूस कमरेत वाकून, हातात एक लाकूड धरून, चाकाबरोबर पाऊल टाकत चालला होता. वर तो एकदाही पाहत नव्हता.

त्या लाकडाला मोगरी म्हणतात. एरवी मोगरी म्हणजे कपडे धोपटायचं किंवा कणसं झोडपायचं लाकूड. रथाची मोगरी मात्र मार देत नाही, मार खाते. पुढून उतरता तासलेला जाड ठोकळा आणि धरायला दांडा, एवढंच ते अवजार. एवढा मोठा रथ थांबतो तो या अवजारावर आणि वळतोही याच अवजारावर. रथाला ब्रेक नाही. सुकाणू नाही. बैलगाडीला निदान बैल वळवता येतात. इथं दोराला शेकडो माणसं लागलेली असतात आणि त्यांना फक्त पुढे ओढता येतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या माणसाचं घर शोधलं. नाव छापू नका म्हणाले, म्हणून नुसतं नाना. पासष्टी ओलांडलेले, हाताला सुतारकामाचे घट्टे. वडिलांबरोबर पोरवयात चाकाशी उभे राहिले, तेव्हापासून एकादशीला दुसरीकडे कुठं गेले नाहीत. मी चाकाविषयी विचारू लागलो, तर मला मध्येच थांबवून म्हणाले, "भाऊ, चाकाकडे नको पाहू. दोराकडे पाह्य. दोर लोंबला की समज, रथ आता आपल्या मनानं चालू राहिला."

मला हे उमगायला थोडा वेळ लागला. माणसं ओढत असतात तोवर दोर ताणलेला असतो आणि रथ माणसांच्या ताब्यात असतो. रस्ता जरा उताराला लागला की रथाचा वेग ओढणाऱ्यांच्या पावलांपेक्षा वाढतो. दोर ढिला पडतो. लोकांना वाटतं, आता हलका चालला, आणि ते जोरानं जयजयकार करतात. नानांच्या लेखी तोच धोक्याचा क्षण. त्या वेळी पुढं दोराला असलेली माणसं आणि मागून येणारा रथ यांच्यामध्ये मोगरीशिवाय काहीच नसतं.

मोगरी लावणं म्हणजे चाकाखाली लाकूड सरकवणं नव्हे. चाक तिच्या उतारावर थोडं चढलं पाहिजे, म्हणजे रथाचं वजन त्या चढावर खर्ची पडतं. मोगरी फार पुढं टाकली तर चाक तिला ढकलत नेतं. फार जवळ टाकली तर ती चाकाखाली चिरडते आणि तिचे तुकडे उडतात. दोन्ही बाजूंच्या मोगऱ्या एकाच क्षणी लागाव्या लागतात. एक क्षणभर मागे राहिली तर रथाला हिसका बसतो आणि वरचा भाग डुलतो. दोन्ही चाकांवरचे दोघं एकमेकांना दिसत नाहीत, मध्ये अख्खा रथ असतो. दोघांची नजर पुढे चालणाऱ्या एका माणसाच्या वर उचललेल्या हातावर असते, आणि कान शिट्टीवर.

वळण हा तर वेगळाच मामला. तिथं एकाच बाजूला मोगरी लावतात. ते चाक अडतं, दुसरं चालत राहतं, आणि रथाचं तोंड वीतभर फिरतं. मोगरी काढायची, रथ हातभर पुढे घ्यायचा, पुन्हा लावायची. जुन्या गावातल्या एका कोपऱ्यावर मी पाहत होतो. सात-आठ वेळा लाकूड आत गेलं, बाहेर आलं, तेव्हा कुठं रथ एका घराच्या गॅलरीला न लागता पलीकडे निघाला. गॅलरीत उभ्या असलेल्या बाईनं रथावर फुलं टाकली. त्यातली बरीचशी नानांच्या पाठीवर पडली.

त्यांचा एकच नियम, "लाकूड आत, पाय बाहेर." चाकाच्या रेषेत लाकूड जाईल, हात क्षणभर जाईल, पाय कधीच नाही. त्यांच्या ओसरीवर तीन-चार जुन्या मोगऱ्या पडल्या होत्या. एकीचं टोक इतकं ठेचलेलं की लाकडाचे तंतू सुटून आले होते, बाभळीचं दातवण चावून चावून कुंचल्यासारखं होतं तसं. ते लाकूड बाभळीचंच होतं. साग दिसायला देखणा, पण दणका बसला की रेषेत फाटतो, असं नानांचं म्हणणं. बाभूळ ठेचली जाते, लवकर फाटत नाही. खेड्यातली सुतारमंडळी गाडीच्या चाकासाठी बाभूळ वापरत आली, त्यामागे हाच अनुभव असणार.

रथाच्या देशात खानदेश एकटा नाही. पुरीला जगन्नाथाचे रथ दरवर्षी नव्या लाकडाचे घडवतात. तमिळनाडूत देवळांच्या रथांना अशीच लाकडं लावून थांबवतात. त्या लाकडाला तिथं मुट्टुक्कट्टै म्हणतात, आणि कामात कुणी आडवा आला तर त्यालाही तमिळ माणूस हाच शब्द लावतो. पण अडवणारं लाकूड नसेल तर रथ काढायची कुणाची छाती होणार नाही, हे मी आता पाहिलं आहे. तिरुवारूरच्या अजस्र रथाला 1970 मध्ये तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्यानं हायड्रॉलिक ब्रेक बसवले. हे नानांना सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मग वळवते कसं?" मी माहिती काढली. ब्रेक लागले तरी वळणावर तिथं अजून लाकूडच लागतं.

आपल्याकडेही रथ एक नाही. अमळनेरला सखाराम महाराजांचा रथ वैशाखी एकादशीला, जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्याचा आषाढीला, पारोळ्याच्या बालाजीचा आश्विनात, धुळ्याच्या खोल गल्लीतल्या बालाजीचाही आश्विन एकादशीला. धुळ्याची पेठ 1819 च्या सुमारास ब्रिटिश अधिकारी ब्रिग्जनं आखली, रस्ते सरळ, गल्ल्यांना नंबर. जुनं जळगाव कुणी आखलेलं नाही, ते वाढत गेलं. भोईटे गढी, चौधरी वाडा, तेली चौक या भागातून रथ नेताना मोगरीवाल्याला घरांचे कोपरे नि कोपरे पाठ असावे लागतात. तिथून तो सुभाष चौक, दाणा बाजारात येतो. परतीच्या वाटेवर भिलपुऱ्यात लालशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबतो. अप्पा महाराज आणि लालशाह बाबा यांचा स्नेह होता. रथ आला की दर्ग्यावर चादर चढते आणि मगच पुढं जायचं. त्या थांब्यालाही दोन्ही बाजूंना मोगरी लागते. गावाचा दीडशे वर्षांचा सलोखा मला तिथं फार जवळून दिसला.

आता काळजीचं बोलतो, कारण नानांच्या ओसरीवरून मी तीच घेऊन उठलो.

पहिली काळजी रस्त्याची. मातीच्या रस्त्यात मोगरी रुतायची. डांबरावरही ती पकड घ्यायची. काँक्रीटवर ती घसरते आणि चाकापुढं वहाणेसारखी सरकत जाते. नाना आता तिच्या खालच्या अंगाला खाचा पाडतात. त्यानं थोडा फरक पडतो, थोडाच. दरवर्षी रस्त्यावर नवा थर चढतो, मध्ये गतिरोधक येतात, गटारावरची झाकणं येतात. चाक कुठल्या झाकणावरून न्यायचं नाही, हे नाना एकादशीच्या आधी पहाटे चालून पाहून येतात.

दुसरी काळजी वर लोंबणाऱ्या तारांची. 27 एप्रिल 2022 ला तंजावरजवळ कालिमेडूत रथ विजेच्या तारेला लागला आणि अकरा माणसं गेली. आपल्याकडे रथ यायच्या वेळी वीज बंद करतात, बांबूनं तारा उचलून धरतात. पण केबलची जाळी दर वर्षी दाट होते, आणि ती कुणाची हे त्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही.

तिसरी काळजी आवाजाची. शिट्टी ऐकू आली नाही तर मोगरी उशिरा लागते. ढोल-लेझीम एका लयीत असतात, त्यांच्या मधून शिट्टी येते. भिंतीसारखे लावलेले स्पीकर शिट्टी गिळतात. त्यात मोबाइल वर धरून उलटे चालणारे तरुण थेट चाकाच्या रेषेत येतात. नानांनी मला त्यांचा डावा हात दाखवला. कोपराच्या खाली जुना व्रण होता. एका पोराला ओढून बाहेर काढताना झालेला, म्हणाले, आणि विषय बदलला.

पण सगळ्यांत मोठी काळजी या कामाच्या शिकण्याची आहे. सुतार रोज रंधा चालवतो, आचारी रोज कढई चढवतो. मोगरीवाल्याला वर्षातून एकच दिवस मिळतो. पन्नास वर्षांचा अनुभव म्हणजे पन्नास दिवसांचा अनुभव. नानांचा मुलगा चाकणला कारखान्यात आहे. दिवाळीची सुट्टी भाऊबीजेला संपते, एकादशी त्यानंतर येते. गेल्या वर्षी त्याला रजा मिळाली नाही. पुतण्या येतो, हिमतीचा आहे, पण त्याच्या वाट्याला आजवर मोजून चार रथ आले. पाचवा या कार्तिकात.

माझ्या मनात एक गोष्ट येते, ती मी इथं मांडतो. जळगावचा दिवस एक असेल, पण खानदेशचे दिवस बरेच आहेत. अमळनेर वैशाखात, पिंप्राळा आषाढात, पारोळा नि धुळे आश्विनात, जळगाव कार्तिकात. मोगरी धरणारी मंडळी एकमेकांच्या रथाला गेली, तर पोरांना वर्षात एकाऐवजी चार दिवस शिकता येईल. मान ज्याचा त्याच्याकडेच राहील. शिकणाऱ्यानं फक्त मागून चालायचं, दोराकडे पाहायचं. चाकांभोवती पाच हातांचं कडं मोकळं ठेवायला स्वयंसेवक द्यावेत. या माणसांचा विमा उतरवावा. एखाद्या रथाला ब्रेक बसवणं शक्य असेल तर तेही जरूर बसवावं. आपल्या डोळ्यांच्या सुखासाठी कुणाचा पाय जाऊ नये. पण ब्रेक आले तरी कोपरा येईल, आणि कोपऱ्यावर पुन्हा कुणाला तरी वाकावं लागेल.

तेव्हा या आठवड्यात काय पाहाल? गांधी तीर्थ पाहा, चौधरी वाडा पाहा, भरीत खा. रोज रात्री वहनाच्या वाटेवर उभे राहा. आणि एकादशीला रथ समोर आला की हात जोडून झाल्यावर दोन पावलं मागे सरा आणि खाली पाहा. मुलांना मागे घ्या. मोबाइल खिशात ठेवा.

त्या रात्री रथ मंदिरापाशी परतला तेव्हा मी तिथं होतो. आरती सुरू झाली, सगळी गर्दी देवाकडे वळली. नाना पुतण्याला घेऊन मागच्या चाकाशी गेले. मोगरी पुतण्याच्या हातात होती. त्यानं ती लावली, जरा तिरकी. नानांनी पायानं सरळ केली नाही. म्हणाले, "काढ. परत लाव." त्यानं काढली आणि परत लावली.