फिश टँकला घाम फुटतो तेव्हा...

सकाळी नऊला तुम्ही खिडक्या बंद करता, कुलूप लावता आणि ऑफिस गाठता. एसीत बसून दिवस कधी संपतो ते कळतही नाही. घरी मात्र पश्चिमेच्या उन्हानं हॉल तापत असतो आणि त्याच हॉलमध्ये हौसेनं आणलेला चार फुटी टँक असतो. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला, की टँकचं पाणी ३२-३३ अंशांवर जायला वेळ लागत नाही. मासे बिचारे जाणार कुठे?

गोची होते ती ऑक्सिजनची. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. आणि उकाड्यात माशांना तो लागतो जास्त. म्हणजे खर्च वाढला आणि पगार कापला! त्यात टँकमध्ये झाडं असतील, तर लाइट बंद झाल्यावर तीही ऑक्सिजनच ओढतात. त्यामुळे पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडमीट करताना दिसले, तर ‘किती क्यूट’ म्हणत फोटो काढत बसू नका. त्यांचा जीव गुदमरतोय. एअर पंप फुल करा, फिल्टरचा पाइप पृष्ठभागाजवळ घ्या. पाणी वरून चांगलं हललं पाहिजे. खाणंही कमीच टाका. उरलेलं सडलं की तेही ऑक्सिजन खातं.

मग आठवतो बर्फ. फ्रीजरमधली बाटली टँकमध्ये सोडायची, हा बहुतेकांचा फंडा. पण जरा हिशोब करा. चार बाय दीड बाय दीड फुटांच्या टँकमध्ये सुमारे २५० लिटर पाणी असतं. एक किलो बर्फ पूर्ण वितळला, तरी ते अर्धा अंशही उतरत नाही. तेवढंच एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं, तर दोन अंशांहून जास्त उतरेल इतकी उष्णता घेऊन जातं. आजीच्या माठाची आयडिया, दुसरं काय!

त्यामुळे झाकण काढा, वर जाळी टाका (मासे उड्या मारतात, बरं का) आणि छोटा फॅन तिरका करून पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. मुंबईकरांचं मात्र अवघड आहे. हवाच इतकी दमट, की पाणी उडायला तयार नसतं. तिथे टँकच्या खोलीत एसी नाहीतर चिलर. चिलर म्हणजे छोटा फ्रीजच. पाण्यातली उष्णता काढून खोलीत फेकतो. तो दिसायला बरा म्हणून बंद कॅबिनेटमध्ये कोंबलात, तर पैसे पाण्यात.

फॅन लावल्यावर पाण्याची पातळी रोज खाली जाते. भर घालायची ती क्लोरीन काढलेल्या पाण्याची, तीही सकाळी. दुपारी गच्चीवरच्या टाकीतून नळाला जे येतं, त्यात चहा होईल!

घाबरण्याआधी आपल्याकडे कोणता मासा आहे, तेही बघा. डिस्कस २८ ते ३० अंशांत मजेत राहतो, त्याला गार करायला जाल तर आजारी पडेल. गोल्डफिश मुळात थंड पाण्यातला, त्याचे हाल २८ लाच सुरू होतात. काचेवर चिकटवायचा थर्मामीटर स्वस्तात मिळतो, तो घ्याच. आणि पाणी उतरवायचं ते हळूहळू, तासाभरात चार-पाच अंश नाही.

राहिला प्रश्न लाइट जाण्याचा. फॅन, फिल्टर, पंप सगळं एकदम ठप्प, आणि तुम्ही मीटिंगमध्ये! बॅटरीवर चालणारा एअर पंप मिळतो, लाइट गेली की आपोआप सुरू होणारा. मे महिना उजाडायच्या आत तो आणून ठेवा. चार्ज झालाय ना, तेही रविवारी एकदा प्लग काढून बघा.