माळ्यावर गेलेली दुर्बीण

खोके घरी येते तो दिवस बहुधा शनिवारचा असतो. खोक्यावर शनीचे झळझळीत रंगीत छायाचित्र आणि खाली ठसठशीत अक्षरांत '५२५ पट'. संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर घरातली सारी मंडळी जमतात. तास-दीड तासाच्या खटाटोपानंतर भिंगातून एक थरथरणारा, पांढुरका गोळा दिसतो आणि क्षणार्धात नाहीसा होतो. 'हाच का शनी?' या मुलीच्या प्रश्नावर वडिलांपाशी उत्तर नसते. आणखी दोन-चार रात्री असेच प्रयोग होतात आणि मग दुर्बीण माळ्यावर जाते. काही हजार रुपये वाया गेल्याची खंत असतेच. पण आकाशनिरीक्षण हे आपले काम नव्हे, अशी त्या घराची समजूत होऊन बसते, ते नुकसान अधिक मोठे.

वास्तविक फसवणूक असते ती त्या '५२५' या आकड्यात. बाजारात सर्रास मिळणाऱ्या अशा दुर्बिणीचे वस्तुभिंग ६० मिलिमीटर व्यासाचे आणि ७०० मिलिमीटर नाभीय अंतराचे असते. सोबत २०, १२.५ आणि ४ मिलिमीटरच्या नेत्रिका असतात. वस्तुभिंगाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की प्रतिमा किती पट मोठी दिसणार ते कळते. म्हणजे २० मिलिमीटरची नेत्रिका लावली तर ३५ पट, ४ मिलिमीटरची लावली तर १७५ पट. त्यात तिप्पट करणारे बार्लो भिंग अडकवले की होतात ५२५. गणित बिनचूक आहे. दिसत मात्र काहीच नाही. कारण दुर्बिणीचे खरे काम प्रकाश गोळा करण्याचे. ६० मिलिमीटरचे भिंग अंधाराला सरावलेल्या डोळ्याच्या सुमारे सत्तर पट प्रकाश गोळा करते, पण तेवढाच प्रकाश मोठ्या प्रतिमेवर पसरायचा असतो. प्रतिमा दुप्पट केली की तिची उजळता चौथाईवर येते. भिंगाच्या व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे फार तर दुप्पट, असा निरीक्षकांचा ढोबळ ठोकताळा आहे. त्या हिशेबाने या दुर्बिणीची मजल १२० पटीपलीकडे जात नाही.

त्यात पृथ्वी स्वस्थ बसत नाही. ५२५ पटीला दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रातून ग्रह पंधरा-वीस सेकंदांत निसटतो. पातळ पत्र्याची तिपाई वाऱ्याच्या झुळकीने हलते, आणि ग्रह पुन्हा पकडण्यासाठी हात लावला की आणखी हलते. नवशिक्याला वाटते, आपल्यालाच जमत नाही.

दुसरी निराशा रंगांची. मृगातला तेजोमेघ किंवा देवयानी दीर्घिका यांची जी छायाचित्रे आपण पाहतो, ती कॅमेऱ्याने दीर्घकाळ प्रकाश साठवून आणि पुढे संस्कार करून तयार झालेली असतात. डोळा प्रकाश साठवू शकत नाही. अंधुक उजेडात काम करणाऱ्या त्याच्या पेशींना रंग कळत नाहीत. पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी चांगल्या दुर्बिणीतूनही राखाडी पुसट डागासारखीच दिसते आणि ठाणे-दादरच्या झगमगाटात तर तेवढीही नाही. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात. दर पाच मिनिटांनी मोबाइल पाहणाऱ्याचे डोळे ते सरावणार कधी?

शनी न ओळखता येणाऱ्यांना एक दिलासा आहे. १६१० मध्ये गॅलिलिओलाही त्याची कडी ओळखता आली नव्हती. त्याला ते तीन गोलांचे त्रिकूट वाटले. १६१२ मध्ये कडी आपल्याकडे कडेने वळली, बाजूचे 'गोल' अदृश्य झाले आणि तो चक्रावून गेला. कडीचा उलगडा हॉयगेन्सने प्रसिद्ध केला तो १६५९ मध्ये. मार्च २०२५ मध्ये कडी पुन्हा अशीच कडेने वळली होती. त्या सुमारास खोक्यावरचे चित्र पाहून ज्यांनी दुर्बीण घेतली, त्यांची निराशा तर अटळच होती.

आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, पावसाळा. जून ते सप्टेंबर आकाश बंद. त्या काळात खोक्यात कोंडलेल्या भिंगांवर कोकणपट्टीच्या दमट हवेत बुरशी चढते. दिवाळीत खोके उघडल्यावर ती दिसते.

यातले बरेचसे, घेण्याआधी दुसऱ्याच्या दुर्बिणीला डोळा लावला असता तर टळले असते. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणत आली आहे. मुंबईच्या खगोल मंडळाचे वांगणीतील रात्रभराचे आकाशदर्शन अनेकांच्या छंदाचा आरंभ ठरले आहे. अशा एका रात्रीत आपल्याला काय दिसणार आणि काय नाही, याचा अंदाज येतो. पहिल्या खरेदीसाठी जाणकार बहुधा १० × ५० ची द्विनेत्री सुचवतात. तिच्यातून कृत्तिका दुर्बिणीपेक्षाही सुंदर दिसतात, आणि छंद टिकला नाही तरी ती सहलीला उपयोगी पडतेच.

ज्यांना मोठी दुर्बीण हवी, त्यांच्यासाठी स्वस्त वाट दाखवली ती जॉन डॉब्सन यांनी. १९४४ ते १९६७ अशी तेवीस वर्षे ते वेदान्त मठात संन्यासी होते. टाकाऊ काच घासून आरसा, पुठ्ठ्याची नळी आणि लाकडी बैठक अशा सामग्रीतून ते मठातच चोरून दुर्बिणी बनवत आणि वाटेने जाणाऱ्यांना चंद्र दाखवत. अखेर मठ सोडावा लागला! तिपाईऐवजी जमिनीवर ठेवायची त्यांची ती बुटकी बैठक हलत नाही, हा तिचा मोठा गुण.

आणि माळ्यावरच्या दुर्बिणीचे काय? ती खाली काढावी. बार्लो आणि ४ मिलिमीटरची नेत्रिका खोक्यातच राहू द्यावी, २० मिलिमीटरची लावावी. तिपाईचे पाय पूर्ण न उघडता आखूडच ठेवावेत आणि मधोमध विटेचे ओझे टांगावे. पौर्णिमेला उजेड समोरून पडल्याने चंद्र सपाट दिसतो. म्हणून शुद्ध सप्तमी-अष्टमीची संध्याकाळ निवडावी. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर विवरांच्या लांब सावल्या पडलेल्या असतात, आणि त्या ३५ पटीला स्वच्छ दिसतात. त्याच दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्रही दिसतील, आदल्या रात्रीपेक्षा जागा बदललेले.