हिमनदी मागे हटते म्हणजे चढण चढते का?

नववीच्या वर्गात हिमनदीचा पाठ चालू होता. "गंगोत्री हिमनदी मागे हटत आहे" असं मी सांगितलं आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मागे हटते म्हणजे बर्फ परत डोंगरावर चढतो का?"

वर्ग हसला, पण प्रश्न अगदी बरोबर होता. "हिमनदी उताराकडे सरकते" हे आपणच शिकवतो आणि "हिमनदी मागे सरकते" हेही आपणच सांगतो. मग दोन्ही एकदम खरं कसं? मुलांनो, या एका प्रश्नाचं उत्तर नीट कळलं की हिमनदीचा निम्मा पाठ कळला म्हणून समजा.

हिमाचा बर्फ कसा होतो?

आपल्याकडे हिम पडत नाही, म्हणून जत्रेतला बर्फाचा गोळा डोळ्यांसमोर आणा. गोळेवाला बर्फ किसतो. तो कीस भुसभुशीत असतो, त्यात हवाच जास्त असते. मग तो कीस मुठीत दाबतो, हवा निघून जाते, कण एकमेकांना चिकटतात आणि गोळा घट्ट होतो.

उंच पर्वतावर हेच काम निसर्ग करतो. नुकतंच पडलेलं हिम कापसासारखं असतं. त्याच्या आकारमानात साधारण नव्वद टक्के हवाच असते. हिमरेषेच्या वर एका वर्षी पडलेलं सगळं हिम उन्हाळ्यात वितळत नाही. शिल्लक राहिलेल्या थरावर पुढच्या वर्षीचा थर बसतो, त्यावर आणखी एक. वरच्या थरांच्या वजनाने खालच्या हिमाचे आधी साखरेसारखे दाणे होतात. या दाणेदार हिमाला 'फर्न' म्हणतात. दाब वाढत गेला की हवेच्या वाटा बंद होतात आणि टणक, निळसर झाक असलेला बर्फ तयार होतो. निळसर का? कारण जाड बर्फ प्रकाशातला तांबडा रंग शोषून घेतो आणि निळा पुढे जाऊ देतो.

या सगळ्याला अनेक वर्षं लागतात. अतिथंड अंटार्क्टिकासारख्या ठिकाणी तर शेकडो वर्षंही लागतात. म्हणून एका हिवाळ्यात भरपूर हिम पडलं की लगेच हिमनदी तयार झाली, असं होत नाही.

बर्फ वाहतो तरी कसा?

बर्फाचा खडा टेबलावर ठेवला तर तो वाहत नाही, फुटतो. पण तोच बर्फ दहा मजली इमारतीपेक्षा जाड झाला की स्वतःच्याच वजनाने दबतो आणि अगदी सावकाश, घट्ट मळलेल्या कणकेसारखा आकार बदलत उताराकडे सरकतो. ही एक रीत. दुसरी रीत म्हणजे, तळाशी वितळलेलं पाणी असेल तर अख्खी हिमनदी खडकावरून घसरते. वरचा तीस-चाळीस मीटरचा थर मात्र ठिसूळच राहतो. खालचा भाग सरकला की तो तडकतो आणि खोल हिमभेगा पडतात. गिर्यारोहकांना सर्वांत मोठा धोका याच भेगांचा.

वर्गात करून बघा: भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट असं मैद्याचं पीठ भिजवा. तिरप्या धरलेल्या पन्हळीत ते ओता आणि लगेच त्यावर आडव्या सरळ रेषेत मोहरीचे दाणे ठेवा. थोड्या वेळाने पाहा, रेषा धनुष्यासारखी वाकलेली असेल. मधले दाणे पुढे, कडेचे मागे. हिमनदीतही हेच होतं, कारण कडेच्या बर्फाला दरीच्या भिंतींचं घर्षण अडवतं.

या सरकण्याचा एक चटका लावणारा पुरावा आहे. 1820 मध्ये आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर चढताना हिमलोट कोसळला आणि तीन वाटाडे हिमभेगेत गाडले गेले. हिमनदीचा वेग अभ्यासणारे जेम्स फोर्ब्ज यांनी हिशोब मांडला, की त्यांचे अवशेष सुमारे चाळीस वर्षांनी खाली हिमनदीच्या टोकाजवळ बाहेर येतील. 1861 मध्ये, म्हणजे एक्केचाळीस वर्षांनी, ते खरोखरच बाहेर आले. वर गाडलेली वस्तू खाली उघडी पडली, म्हणजे बर्फ सतत खालीच येत होता.

झीज बर्फ करतो की दगड?

दुसरा प्रयोग. एक साधा बर्फाचा खडा घ्या आणि दुसरा वाळू घालून गोठवलेला. दोन्ही अंगाच्या साबणावर घासा. साधा खडा नुसता घसरतो, वाळूचा खडा ओरखडे काढतो. हिमनदी खडक तासते ती तळाशी धरलेल्या दगडगोट्यांनी, कानशीसारखी. त्यातूनच हिमगव्हर, गिरिशृंग, इंग्रजी 'यू' अक्षरासारखी दरी आणि लोंबती दरी ही भूरूपं तयार होतात. हा खरवडलेला गाळ हिमनदी कडेला, मध्ये आणि टोकाशी टाकते, ते हिमोढ. म्हणून गोमुखाचा फोटो पाहून "बाई, हे तर दगडाचं माळरान आहे" असं म्हणू नका. त्या दगडांखाली बर्फच आहे!

आता मूळ प्रश्न

हिमनदीचे दोन भाग करा. वरच्या भागात वर्षभरात जेवढं हिम वितळतं त्यापेक्षा जास्त साठतं, ते संचय क्षेत्र. खालच्या भागात साठतं त्यापेक्षा जास्त वितळतं, ते क्षय क्षेत्र. वरचा जमेचा बर्फ सतत खाली येत राहतो आणि खाली खर्च होतो.

आता कालव्याचा विचार करा. धरणातून पाणी कमी सुटलं, वाटेत जास्त जिरलं, तर काय होतं? टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही. म्हणजे पाणी उलटं वाहिलं का? नाही. पाणी पुढेच वाहतंय, पण जिथपर्यंत पोचतं ते टोक अलीकडे आलं. हिमनदीचं तसंच आहे. बर्फ कधीच चढण चढत नाही. वरून येणाऱ्या बर्फापेक्षा खाली वितळणारा बर्फ जास्त झाला, की टोक मागे येतं.

आपली गंगोत्री हिमनदी साधारण 30 किलोमीटर लांब आहे. तिचं टोक म्हणजे गोमुख. ते सुमारे 4000 मीटर उंचीवर आहे आणि तिथून भागीरथी निघते. 1935 पासूनच्या नोंदी पाहिल्या तर हे टोक एक किलोमीटरहून जास्त मागे आलं आहे.

याने आपल्याला काय फरक पडतो?

आपली गोदावरी, कृष्णा, भीमा पावसावर जगतात, म्हणून उन्हाळ्यात त्यांची पात्रं आटतात. गंगेलाही सर्वांत जास्त पाणी पावसाचंच, पण उन्हाळ्यात पर्वताजवळच्या भागाला हिम आणि बर्फ वितळून मिळणारं पाणी आधार देतं. इथे एक फसगत होते. हिमनदी वेगाने वितळू लागली की आधी नदीचं पाणी वाढतं आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. ते मुदत ठेव मोडून घर चालवण्यासारखं आहे. ठेव संपत आली की पाणीही घटत जातं.

दुसरा धोका सरोवरांचा. मागे हटलेल्या हिमनदीच्या जागी हिमोढाच्या बांधाआड पाणी साठतं. हा बांध सुट्या दगडमातीचा. ऑक्टोबर 2023 मध्ये सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक सरोवर असंच फुटलं आणि तीस्ता नदीला विनाशकारी पूर आला.

आणि हिमनदी 'मरते' कधी? बर्फ पूर्ण संपल्यावर नव्हे. तो स्वतःच्या वजनाने सरकू शकणार नाही इतका पातळ झाला की ती हिमनदी राहत नाही. आइसलँडमधल्या ओक्योकुल हिमनदीबाबत 2014 मध्ये असंच जाहीर झालं आणि 2019 मध्ये तिथे तिच्या नावाची स्मृतिपाटी लावली गेली. संयुक्त राष्ट्रांनी 2025 पासून 21 मार्च हा जागतिक हिमनदी दिन ठरवला आहे. त्या दिवशी शाळेत वरचे दोन प्रयोग नक्की करा.

स्वतः विचार करा

1. 1827 मध्ये स्वित्झर्लंडच्या एका हिमनदीवर बांधलेली झोपडी 1839 मध्ये सुमारे 1.3 किलोमीटर खाली सापडली. दरवर्षी सरासरी किती मीटर सरकली?
2. एका हिमनदीचं टोक दहा वर्षं जागेवरच आहे. तिच्यातला बर्फ थांबला आहे का? कारण सांगा.
3. हिमनदीवर पातळ काळी धूळ बसली तर बर्फ लवकर वितळतो, पण दगडगोट्यांचा जाड थर असेल तर उशिरा वितळतो. असं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहिता आलं, तर मागच्या बाकावरच्या त्या प्रश्नाचं उत्तरही तुम्हाला देता येईल.