कडक उन्हाळा आणि घरगुती वातानुकूलन

महाबळेश्वर आणि दहिवडी ही दोन्ही ठिकाणे सातारा जिल्ह्यातच आहेत. परंतु मे महिन्यात त्यांच्या हवामानात दोन भिन्न प्रदेशांइतके अंतर जाणवते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर असल्याने तेथील उन्हाळा सुसह्य असतो. याउलट माण व खटाव हे तालुके आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी, कवठे महांकाळ व जत हा सारा टापू पर्जन्यछायेत मोडतो. एप्रिल-मेमध्ये तेथे पारा चाळीस अंशांच्या घरात जातो. सांगली-मिरजेसारख्या शहरांत सिमेंटच्या स्लॅबची घरे दाटीने उभी राहिल्याने दिवसभर तापलेल्या भिंती रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात.

एकेकाळी चित्रपटगृहे आणि मोठी कार्यालये यांपुरते मर्यादित असलेले वातानुकूलन यंत्र, म्हणजेच लोकांच्या तोंडचा एसी, आता मध्यमवर्गीय घरांत, दवाखान्यांत आणि कार्यालयांच्या संगणक कक्षांत पोहोचले आहे. मात्र ज्या दिवशी त्याची गरज सर्वाधिक असते, नेमक्या त्याच दिवशी थंडावा कमी पडतो, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. पुष्कळदा हा दोष यंत्राचा नसतो. यंत्राचे कार्य कसे चालते हे लक्षात घेतल्यास यातील बरेचसे उपाय घरच्या घरी करता येतात.

थंडी निर्माण होत नाही, उष्णता वाहून नेली जाते

वातानुकूलन यंत्र थंडी तयार करते हा समज चुकीचा आहे. ते खोलीतील उष्णता उचलते आणि बाहेर टाकते. खोलीतील भागात शीतक द्रव्याची वाफ होते व ती होताना हवेतील उष्णता शोषली जाते. ही वाफ काँप्रेसरमध्ये दाबली जाते. नंतर बाहेरील भागातील नळ्यांमध्ये ती पुन्हा द्रवरूप होते आणि शोषलेली उष्णता तेथे बाहेर पडते. विहिरीतील पाणी मोटेने वर काढून पाटात सोडावे, तसाच हा प्रकार आहे. पाट तुंबला, तर मोट कितीही चालवली तरी उपयोग नाही.

यंत्राची क्षमता ‘टन’ या मापात सांगतात. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता वाहून नेणारे यंत्र एक टनाचे होय. ही क्षमता सुमारे साडेतीन किलोवॅट इतकी भरते. परंतु ती मोजताना बाहेरील तापमान ३५ अंश व खोलीतील तापमान २७ अंश सेल्सिअस धरलेले असते. बाहेर ४० अंश तापमान असता उष्णता बाहेर टाकण्यासाठी शीतकाला बहुधा ५० अंशांहून अधिक तापावे लागते. त्यामुळे काँप्रेसरवरील ताण वाढतो, वीज अधिक खर्च होते आणि थंडावा मात्र घटतो. म्हणूनच कडक उन्हाळ्यात दोनच गोष्टी सांभाळावयाच्या असतात : बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा मार्ग मोकळा ठेवणे आणि खोलीत शिरणारी उष्णता रोखणे.

बाहेरील भागाची जागा

बाहेरील भाग शक्यतो उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर बसवावा. पश्चिमेकडील भिंतीवर नेमक्या तिसऱ्या प्रहरी ऊन येते. दुसरी सोय नसल्यास वर छोटे छप्पर करून सावली द्यावी. मात्र यंत्राच्या समोरील व बाजूंची हवा मोकळी राहिली पाहिजे. समोर किमान दोन-तीन फूट जागा असावी. दोन इमारतींमधील अरुंद बोळात किंवा पत्र्याने वेढलेल्या गॅलरीत बसविलेले यंत्र आपणच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढून घेते. चोरीच्या भीतीने चहूबाजूंनी दाट जाळी ठोकणे हेही त्याच कारणाने अहितकारक ठरते.

बाहेरील भागावर पाणी मारल्यास थंडावा वाढतो, असा एक समज प्रचलित आहे. चालू यंत्रावर पाणी मारणे विजेच्या दृष्टीने धोक्याचे आहे. शिवाय पूर्वेकडील तालुक्यांत अनेक कूपनलिकांचे पाणी क्षारयुक्त असते. ते वाळले की पातळ पट्ट्यांवर पांढरा थर बसतो आणि उष्णता बाहेर पडण्यास कायमचा अडथळा होतो.

धूळ आणि काजळी

या दोन जिल्ह्यांत धुळीची कारणे अनेक आहेत. नांगरून पडलेली रिकामी रानेच्या राने वाऱ्याने धूळ उडवितात. नदीकाठी वीटभट्ट्या पेटलेल्या असतात. गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात बगॅसची काळी राख उडते. हे सारे कण यंत्राच्या पट्ट्यांत अडकतात. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडी, गळीत हंगाम संपल्यानंतर, एकदा संपूर्ण यंत्राची सफाई जाणकार मेकॅनिककडून करून घेणे श्रेयस्कर होय.

खोलीतील भागातील जाळी मात्र घरीच साफ करता येते. वीजपुरवठा बंद करून जाळी काढावी, साध्या पाण्याने धुवावी, सावलीत पूर्ण वाळवावी व मगच परत बसवावी. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी हे काम करावे. रस्त्यालगतच्या घरात दर आठवड्यास. जाळी तुंबली की हवा पुरेशी फिरत नाही, आतील नळ्यांवर बर्फ धरतो आणि यंत्र चालू असूनही खोली गरम राहते.

खोलीत येणारी उष्णता

माणदेशातील व जतकडील जुन्या माळवदाच्या घरांत जाड भिंती व मातीचे छत दुपारची उष्णता आत पोहोचू देत नसत. स्लॅबच्या घरांत, विशेषतः वरच्या मजल्यावर, उष्णता प्रामुख्याने छतातून येते. गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिल्यास किंवा हिरव्या शेडनेटची सावली केल्यास छत कमी तापते. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली देणे हे आतील पडद्यापेक्षा अधिक परिणामकारक असते, कारण काचेतून आत आलेली उष्णता पडदा परत पाठवू शकत नाही. दाराखालील फट बंद करावी. तासगाव-सांगली परिसरातील बेदाण्याच्या शीतगृहांत दार विनाकारण उघडे ठेवले जात नाही. घरातील खोलीलाही तोच नियम लागू आहे.

कोरडी हवा, दमट हवा

ज्या कोरड्या वाऱ्यावर शेडमध्ये द्राक्षांचा बेदाणा तयार होतो, तोच वारा वातानुकूलनाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. यंत्राला उष्णतेबरोबर हवेतील ओलावाही काढावा लागतो. हवा कोरडी असताना हे दुसरे काम हलके होते. म्हणून एप्रिलमध्ये २६ अंशांवर यंत्र ठेवून छताचा पंखा संथ लावला, तरी पुरेसा आराम मिळतो. या दिवसांत पाण्याचा कूलरही चांगले काम देतो. मात्र त्याला मोकळी खिडकी लागते. एसीच्या बंद खोलीत कूलर लावणे म्हणजे एकाने ओलावा घालावयाचा आणि दुसऱ्याने तो काढावयाचा, असे होईल. वळीव पडून हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो.

रिमोटवर १८ अंश लावल्याने खोली लवकर थंड होते, हाही एक भ्रम आहे. ते तापमान गाठण्याच्या प्रयत्नात यंत्र केवळ अधिक काळ राबते. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या अंदाजानुसार तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून तारांकित घरगुती यंत्रांचे मूळ तापमान २४ अंश ठेवणे केंद्र शासनाने बंधनकारक केले, ते याच हेतूने.

विजेचा प्रश्न

पाटण तालुक्यातील कोयना प्रकल्पाची वीजनिर्मिती क्षमता १,९६० मेगावॅट आहे आणि विजेची मागणी शिगेला पोहोचते त्या वेळी या प्रकल्पाचा मोठा आधार असतो. वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळविलेले कोयनेचे पाणी कृष्णेच्या खोऱ्यात परत येत नाही. ते कोकणात उतरते. दुसरीकडे ताकारी, म्हैसाळ व टेंभू या उपसा योजनांना उन्हाळ्यात पाणीही हवे असते आणि ते उचलण्यासाठी वीजही. राज्याचे वीजजाळे एकच असल्याने एका घरातील बचत थेट एका शेतापर्यंत पोहोचते असे म्हणता येणार नाही. तथापि सायंकाळी हजारो यंत्रे एकाच वेळी ताणाने चालतात तेव्हा त्याचा भार याच जाळ्यावर पडतो, हे विसरून चालणार नाही.

वीजवाहिनीच्या टोकाला असलेल्या गावांत विजेचा दाब कमी-अधिक होतो. तेथे योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर, स्वतंत्र वायरिंग व उत्तम अर्थिंग आवश्यक आहे. वळवाच्या वादळात वीज ये-जा करू लागल्यास यंत्र बंद ठेवावे. वीज आल्यानंतर किमान तीन मिनिटांनी ते सुरू करावे. एवढ्या अवधीत काँप्रेसरमधील दाब समतोल होतो.

‘गॅस संपला’ म्हणजे काय?

शीतक वायू पेट्रोलप्रमाणे खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. तो कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे. गळती न शोधता दरवर्षी गॅस भरून घेणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. गळती दुरुस्त करून, नळ्या निर्वात करून, ठरलेल्या वजनाइतकाच गॅस भरला पाहिजे. नव्या यंत्रांतील आर-३२ किंवा आर-२९० हे वायू ज्वलनशील असल्याने हे काम प्रशिक्षित मेकॅनिककडेच द्यावे.

यंत्रावर विसंबू नये

तीव्र उष्म्यात वीज गेली किंवा यंत्र बिघडले, तर वृद्ध, तान्ही मुले आणि आजारी व्यक्ती यांना सर्वाधिक धोका असतो. अशा वेळी खालच्या मजल्यावरील सावलीची खोली, ओले कापड, वारा आणि पुरेसे पाणी यांचा आधार घ्यावा. एखादी व्यक्ती असंबद्ध बोलू लागली किंवा तिची शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजून अंग थंड करण्यास तत्काळ सुरुवात करावी व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ग्रामपंचायतींनी व शाळांनी मार्च महिन्यातच आपल्या कार्यालयांतील यंत्रे, वायरिंग आणि छताची सावली तपासून घ्यावी. यासाठी फार मोठा खर्च येत नाही. स्वच्छ जाळी, मोकळी हवा, पांढरी गच्ची आणि २६ अंश एवढ्या चार गोष्टी पाळल्या, तरी भर वैशाखात यंत्र आपले काम चोख बजावू शकेल.