कोल्टचे यंत्र आणि काळ्या दारूची काजळी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत घराघरांत पोहोचलेले केपाचे रिव्हॉल्व्हर हे दोन भिन्न काळांच्या सांध्यावर तयार झालेले शस्त्र होते. त्याचे भाग यंत्रांवर कातलेले आणि एकमेकांत नेमके बसणारे होते, तर त्यात भरली जाणारी दारू शतकानुशतके तोफा-बंदुकांत वापरली गेलेली, सोरा, कोळसा आणि गंधक यांच्या मिश्रणाची काळी दारूच होती. ही दारू जळताना जितका धूर सोडते तितकीच काजळीही मागे ठेवते, आणि यंत्राच्या बारीक फटींना ती मानवत नाही. हे शस्त्र भरण्याचे, चालवण्याचे आणि राखण्याचे बहुतेक नियम या विसंगतीतूनच जन्मले आहेत.

सॅम्युएल कोल्ट याने १८३६ मध्ये अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले, परंतु न्यू जर्सीतील पॅटरसन येथील त्याचा पहिला कारखाना काही वर्षांतच बुडाला. मेक्सिकोशी युद्ध सुरू झाल्यावर, १८४७ मध्ये, कॅप्टन सॅम्युएल वॉकर याच्या सूचनांनुसार बनवलेल्या अवजड रिव्हॉल्व्हरने त्याचे नशीब पालटले. मात्र या रचनेचा नमुना म्हणून अभ्यासायचे तर १८५१चे ‘नेव्ही’ अधिक सोयीचे आहे. त्याचे वजन सुमारे १.२ किलो, अष्टकोनी नळी साडेसात इंचांची आणि अंतर्व्यास नाममात्र ०.३६ इंचाचा असून, सहा खाने असलेल्या त्याच्या सिलिंडरवर १८४३ साली कँपेचीजवळ टेक्सास आणि मेक्सिको यांच्या आरमारांत झालेल्या लढाईचे चित्र कोरलेले असे. अंगठ्याने घोडा मागे ओढला की सिलिंडर एका खान्याने फिरून अडकतो आणि चाप दाबल्यावर घोडा पुढे आपटतो. दुहेरी क्रियेच्या आजच्या रिव्हॉल्व्हरप्रमाणे केवळ चाप ओढून ते चालत नाही.

या आपटण्याने पेटतो तो केप, म्हणजे आघाताने पेट घेणाऱ्या रसायनाचा थेंबभर लेप आत दिलेली तांब्याची चिमुकली टोपी. आघाताने दारू पेटवण्याच्या युक्तीचे पेटंट १८०७ मध्ये स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फॉरसिथ या धर्मोपदेशकाने घेतले होते. चकमकीच्या बंदुकीची ठिणगी दिसताच पक्षी उडून जातात, एवढीच त्याची मूळ तक्रार होती, आणि पुढे साऱ्या जगाच्या सैन्यांची शस्त्रे तिने बदलून टाकली हा इतिहासाचा थोडा विनोदच म्हणायला हवा. कोकणात पिकांच्या राखणीसाठी परवान्यावर बाळगल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुकीतही हेच तत्त्व वापरले जाते, फक्त तिथे एका नळीत एकच बार असतो, तर इथे सहा खान्यांत सहा.

सहा बार एकमेकांना लागून असणे हाच धोक्याचा मुद्दा आहे, म्हणूनच भरण्याच्या क्रियेत घाई चालत नाही. प्रत्येक खान्यात आधी मोजून घेतलेली काळी दारू ओततात. ‘नेव्ही’साठी साधारण २० ते २५ ग्रेन, म्हणजे सुमारे १.३ ते १.६ ग्रॅम, हे नेहमीचे प्रमाण आहे. दारूच्या भांड्यातून थेट खान्यात न ओतता आधी वेगळ्या मापात घेण्याचा दंडक आहे, कारण खान्यात एखादा निखारा धुमसत राहिला असेल तर माप पेटेल, संपूर्ण भांडे नव्हे. मग मऊ, शुद्ध शिशाची ०.३७५ इंच व्यासाची गोळी नळीखालच्या तरफेने आत ठासली जाते. गोळी खान्यापेक्षा किंचित मोठी असल्यामुळे ठासताना शिशाची एक पातळ कडी कातरून बाहेर पडते, आणि ती दिसली की गोळी घट्ट बसल्याची खूण पटते. दारू आणि गोळी यांच्यात रिकामी जागा राहू देणे धोकादायक आहे, आणि त्याहूनही धोकादायक आहे ते काळ्या दारूऐवजी आधुनिक बिनधुराची दारू वापरणे, कारण तिचा दाब या शस्त्राची रचना झेलू शकत नाही.

सहाही खान्यांत गोळ्या ठासून झाल्या की मगच, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, सिलिंडरच्या मागच्या बारीक पोकळ बोंड्यांवर केप चढवतात. गोळीच्या पुढे चरबी आणि मधमाशीच्या मेणाचे मिश्रण लावतात, किंवा गोळीखाली त्याच मिश्रणात भिजवलेली नमद्याची चकती ठेवतात. एका खान्याचा भडका शेजारच्या खान्यांत शिरून अनेक बार एकाच वेळी उडण्याचा प्रकार, ज्याला नेमबाज साखळी-भडका म्हणतात, त्याला आळा घालणे हा या उपायांचा एक हेतू असतो. सैल बसलेली गोळी आणि ढिला केप या त्याच्या दोन्ही वाटा असल्याने केप नेमक्या मापाचा निवडणे तितकेच महत्त्वाचे मानले जाते. चरबीचा दुसरा उपयोग असा की ती काजळी मऊ ठेवते.

ही काजळी कुठून येते हे समजले की पुढची सगळी देखभाल आपोआप समजते. काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असते, आणि ती जळाल्यावर वजनाने निम्म्याहून अधिक भाग वायू न होता पोटॅशियमच्या कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड अशा क्षारांच्या रूपाने घनच उरतो. तो नळीत, सिलिंडरच्या तोंडाशी आणि ज्या आसावर सिलिंडर फिरतो त्यावर साचत जातो, म्हणून काही फेऱ्या झाडल्यावर घोडा ओढणे जड होते आणि शेवटी सिलिंडर अडकतो. फुटलेल्या केपाचे तुकडे घोड्याच्या खाचेत पडून यंत्र रुतवतात, ही ‘नेव्ही’सारख्या वरून उघड्या रचनेची ठळक उणीव होय. घोडा ओढताना नळी वर करून तुकडे मागे पडू देण्याची सवय अनेक नेमबाजांनी त्यापायीच लावून घेतली. रेमिंग्टनच्या रिव्हॉल्व्हरला वरून पट्टी असल्याने त्याची चौकट अधिक भक्कम होती, पण आसाभोवतीच्या काजळीने तेही लवकर जखडे.

हे क्षार हवेतील ओलावा शोषून घेतात आणि पोलादाला गंज चढवतात, त्यामुळे सफाई शक्यतो त्याच दिवशी व्हावी लागते. सुदैवाने ते पाण्यात विरघळतात, म्हणून महाग द्रावकांची गरज पडत नाही. ‘नेव्ही’मध्ये नळीखालच्या बाजूची पाचर ठोकून काढली की नळी आणि सिलिंडर वेगळे होतात, बोंड्या पान्याने सोडवल्या जातात, आणि लाकडी मूठ काढून उरलेले भाग गरम साबणाच्या पाण्यात ब्रशने घासता येतात. गरम पाण्याचा फायदा असा की धातू तापल्याने तो लवकर कोरडा पडतो, आणि त्यानंतर तेल लावण्यात हयगय होता कामा नये. नेहमीचे खनिज तेल काळ्या दारूच्या काजळीत मिसळून डांबरासारखा चिकट थर करते, अशी नेमबाजांची जुनी तक्रार असल्यामुळे झाडताना वनस्पतिज किंवा प्राणिज चरबीला पसंती दिली जाते.

आज अशा शस्त्रांच्या बहुतांश प्रतिकृती इटलीतील ब्रेशिया परिसरात तयार होतात, आणि ठासणीच्या शस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २५ मीटरवरून केपाच्या रिव्हॉल्व्हरचा ‘मॅरिएट’ हा स्वतंत्र प्रकार खेळला जातो. त्यात तीस मिनिटांत तेरा बार झाडायचे असतात आणि उत्तम दहांचेच गुण धरले जातात. भारतात मात्र १९५९च्या शस्त्र अधिनियमामुळे बार उडवण्याजोगे असे शस्त्र परवान्याविना बाळगता येत नाही.

मागून काडतूस भरण्यासाठी सिलिंडर आरपार कोरण्याचे रोलिन व्हाइटचे पेटंट १८६९ मध्ये संपले आणि १८७३ मध्ये कोल्टचे काडतुसाचे रिव्हॉल्व्हर आले, तेव्हा दारू मापण्याची आणि गोळी ठासण्याची कटकट संपली. धुण्याची मात्र संपली नाही, कारण त्या काडतुसांतही काळीच दारू भरलेली असे. बिनधुराची दारू रूढ झाल्यानंतरही काडतुसाच्या बुडाशी असलेल्या पेटवणीतील क्लोरेटचे खारट अवशेष नळीत राहत, आणि दुसऱ्या महायुद्धातही ब्रिटिश सैनिक आपल्या ली-एनफिल्ड रायफलींच्या नळ्यांत नरसाळ्याने उकळते पाणी ओतत असत.