वेग ठाऊक नसलेला वेगमापक

वरवट बकालहून सायकलने शेगावकडे निघालं की वाट सपाट आहे. दोन्ही हातांना कपाशी आणि तूर, पाठीमागे सातपुड्याची निळी रेघ, पुढे पूर्णेचा पूल. वीस-पंचवीस किलोमीटरचा रस्ता. हँडलवर काडेपेटीएवढं यंत्र लावलेलं असतं आणि त्यात आकडा दिसतो : १९.४. हा आकडा येतो कुठून, हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी सायकल बाजूला लावून किती तरी वेळ पुढच्या चाकाकडे बघत राहिलो होतो.

कारण चाकाजवळच्या सेन्सरला वेग माहीतच नसतो. किलोमीटर काय, मीटरही त्याला कळत नाही. माळ ओढणारा जसा एकेक मणी मागे सारतो, तशा तो चाकाच्या फेऱ्या मोजतो. एवढंच त्याचं काम.

जुन्या पद्धतीत स्पोकवर एक लहानसं चुंबक असतं आणि चिमट्यावर काचेच्या नळीतला बारीक स्विच. नळीत लोखंडी धातूच्या दोन पात्या एकमेकींना न टेकता असतात. चुंबक समोरून गेलं की क्षणभर त्या चिकटतात आणि एक फेरी नोंदली जाते. हा स्विच १९३६ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवूड यांनी शोधला. पावसाळ्यात आपली काळी माती टायरला, स्पोकला, चिमट्याला थापली जाते, तरी मोजणी चालू राहते, कारण चिखल चुंबकाला अडवू शकत नाही. तो चुंबकाला जागेवरून सरकवू मात्र शकतो. माझं चुंबक असंच एका श्रावणात बोटभर खाली घसरलं आणि मी अर्धा रस्ता 'शून्य' वेगाने पार केला.

नवे सेन्सर चुंबकाशिवाय चालतात. ते हबला रबराने अडकवायचे. त्यांतल्या अनेकांच्या पोटात सिलिकॉनचा सूक्ष्म भार असतो, तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला. चाक फिरतं तशी त्या भाराच्या दृष्टीने 'खाली' ही दिशा फिरते, आणि पृथ्वीची ओढ एक चक्कर मारून आली की तो म्हणतो, एक फेरी झाली. म्हणजे वरवटच्या रस्त्यावरच्या सायकलीची माळ साक्षात पृथ्वी ओढत असते!

आता १९.४ कसे झाले ते पाहू. ब्लूटूथच्या ठरलेल्या भाषेत सेन्सर साधारण दर सेकंदाला दोन गोष्टी कळवतो : आजवरच्या एकूण फेऱ्या आणि शेवटची फेरी पुरी झाल्याची वेळ. ही वेळ तो सेकंदाचे १,०२४ भाग करून मोजतो. दोन निरोपांमधली वजाबाकी केली आणि एका फेरीला ४१८ भाग लागले असं निघालं, चाकाचा घेर २.२ मीटर असला, की वेग तासाला १९.४ किलोमीटर. एकूण बेरीजच पाठवत असल्यामुळे मधला एखादा निरोप हवेत विरला तरी अंतर बुडत नाही. पुढच्या निरोपात तो हिशेब भरून निघतो. फेऱ्यांसाठी जागाही केवढी ठेवली आहे! ४२९ कोटींहून अधिक. तेवढ्या फेऱ्यांत चंद्रावर बारा वेळा जाऊन येता येईल.

घेर मात्र आपणच सांगायचा असतो आणि इथे बहुतेक जण छापील तक्त्यावर विसंबतात. त्यापेक्षा अंगणात मोजावा. टायरमध्ये रोजच्याएवढी हवा भरा, टायरवर ओल्या चुन्याचा ठिपका द्या, सायकलवर बसा आणि कुणाला तरी हळूहळू सरळ ढकलायला सांगा. जमिनीवर उमटलेल्या दोन ठिपक्यांमधलं अंतर टेपने घ्या. बसूनच मोजायचं, कारण आपल्या वजनाने टायर दबतो आणि घेर किंचित कमी भरतो. दोन सेंटिमीटरची चूक शेगावच्या एका खेपेत दोनशे मीटरच्या वर जाते.

पायडलच्या फेऱ्यांचा, म्हणजे केडन्सचा सेन्सर घ्यावा की नाही, यावर माझं मत ठाम आहे. बिनगिअरच्या सायकलला तो नको. पुढच्या चकतीला ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दात असतील, तर पायडलच्या एका फेरीत चाक २.४४ वेळा फिरतं. सेकंदाला एक पायडल म्हणजे तासाला १९.४ किलोमीटर, मग वारा समोरून असो की पाठीवर. पाय थांबले नसतील तर वेगाचा आकडाच केडन्स सांगतो.

गिअरच्या सायकलची गोष्ट निराळी. तेच काम मिनिटाला ८० ऐवजी ५० फेऱ्यांत करायचं तर प्रत्येक फेरीला १.६ पट जोर लागतो, आणि तो गुडघ्यांतून जातो. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटर म्हणजे चाकाच्या २० लाखांहून जास्त फेऱ्या. एवढ्या लांब पल्ल्याला प्रत्येक फेरीतला जोर वाचवणं किती मोलाचं असेल!

खरेदी करताना ब्लूटूथ आणि अँट प्लस, या दोन्ही बिनतारी भाषा बोलणारा सेन्सर घ्यावा. आपल्याकडच्या बहुतेक मोबाइलांना ब्लूटूथच कळतं, आणि उद्या वेगळं यंत्र घेतलं तरी सेन्सर तोच चालतो. बहुतेकांना नाण्यासारखा २०३२ नंबरचा सेल लागतो. मोबाइलचा पडदा मात्र वैशाखात हँडलवर तापतो, उन्हात दिसेनासा होतो. साधा काळ्या आकड्यांचा पडदा तेव्हा उलट अधिक स्पष्ट दिसतो, कारण तो सूर्याच्याच उजेडावर वाचायचा असतो. आपल्या उन्हाळ्यासाठी मी तोच घेईन.

आणि एकदा पुलावर ब्रेक दाबून बघाच. चाक थांबतं, पाय जमिनीला टेकतो, तरी आकडा लगेच शून्य होत नाही, क्षणभर रेंगाळतो. यंत्र बिघडलेलं नसतं. शेवटची फेरी त्याला ठाऊक आहे आणि ते पुढच्या फेरीची वाट बघत असतं.