५५५ ची उघडझाप

ऑसिलेटर म्हणजे ठरावीक वेगाने आपोआप चालू-बंद होत राहणारे सर्किट. बॅटरीकडून त्याला मिळतो तो एकसारखा, न बदलणारा विद्युतदाब. त्यातून बाहेर पडतात ते एकामागून एक ठोके. एलईडीची उघडझाप, सायरनचा आवाज, खेळण्यातले संगीत या सगळ्यांच्या मुळाशी असे ठोके असतात. इलेक्ट्रॉनिक्सचा छंद लागलेला माणूस ब्रेडबोर्डवर पहिला ऑसिलेटर जुळवतो तो बहुधा ५५५ या आठ पिनांच्या आयसीवर. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या हान्स कॅमेनझिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्स या अमेरिकन कंपनीसाठी तिची रचना केली आणि पुढच्या वर्षी ती बाजारात आली. आधीच्या आराखड्यात नऊ पिना लागत होत्या. एक पिन वाचवल्यामुळे ती आठ पिनांच्या स्वस्त सुटसुटीत वेष्टनात मावली, आणि तिच्या प्रसाराला ही काटकसर फार उपयोगी पडली.

वेळ मोजण्याचे काम आयसी स्वतः करत नाही. ते बाहेर जोडलेला कपॅसिटर करतो. रेझिस्टरमधून येणाऱ्या प्रवाहाने तो हळूहळू भारित होतो. रेझिस्टर किंवा कपॅसिटर जितका मोठा, तितका वेळ जास्त. आयसीच्या पोटात ५ किलोओहमचे तीन सारखे रेझिस्टर एका ओळीत असतात. ते पुरवठ्याच्या दाबाचे तीन समान भाग करतात, त्यामुळे एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश अशा दोन खुणा तयार होतात. ९ व्होल्टच्या बॅटरीवर त्या ३ आणि ६ व्होल्टला पडतात. प्रत्येक खुणेवर एक कंपॅरेटर, म्हणजे दोन दाबांची तुलना करणारे सर्किट, पहारा देतो. कपॅसिटर वरच्या खुणेला पोचला की वरचा कंपॅरेटर आतला फ्लिप-फ्लॉप, म्हणजे दोनच स्थिती असलेला स्विच, उलटवतो. ३ नंबरच्या पिनवरचे आउटपुट बंद होते आणि ७ नंबरच्या पिनमागचा ट्रान्झिस्टर कपॅसिटरला ग्राउंडकडे रिकामा करू लागतो. दाब खालच्या खुणेपर्यंत उतरला की खालचा कंपॅरेटर फ्लिप-फ्लॉप पुन्हा सुलटा करतो आणि भरणे सुरू होते. गच्चीवरच्या टाकीचा स्वयंचलित पंप वरच्या आणि खालच्या पातळीवर जसा चालू-बंद होतो, तसाच हा प्रकार.

खरी हुशारी त्या तीन रेझिस्टरांत आहे. खुणा ठरावीक व्होल्टच्या नसून पुरवठ्याच्या प्रमाणात आहेत. बॅटरी उतरली तर भरण्याचा वेग मंदावतो, पण खुणाही तितक्याच खाली येतात. म्हणून दाब बदलला तरी ठोक्यांचा वेग जवळजवळ तसाच राहतो.

कपॅसिटर भरतो तो दोन रेझिस्टरांमधून, रिकामा होतो तो फक्त दुसऱ्यातून. साहजिकच या साध्या जोडणीत चालू राहण्याचा काळ बंद काळापेक्षा नेहमीच मोठा असतो. पहिला रेझिस्टर १० किलोओहम, दुसरा ६८ किलोओहम आणि कपॅसिटर १० मायक्रोफॅरड घेतला, तर एलईडी सुमारे ०.५४ सेकंद पेटते आणि ०.४७ सेकंद विझते. म्हणजे सेकंदाला जवळपास एक ठोका. सर्किट सुरू करताच पहिली चमक मात्र लांबलेली दिसते. त्या वेळी कपॅसिटर शून्यापासून भरत असतो, म्हणून ती ०.८६ सेकंदांपर्यंत जाते. नवख्यांना हा बिघाड वाटतो, तो नसतो. तेच रेझिस्टर ठेवून कपॅसिटर ०.०१ मायक्रोफॅरडचा केला की वेग हजारपट वाढतो आणि स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज येतो.

जोडणीत दोन गोष्टी हटकून विसरल्या जातात. ४ नंबरची रीसेट पिन मोकळी न सोडता पुरवठ्याच्या धन टोकाला जोडावी. दुसरे म्हणजे, आउटपुट उलटताना मूळ ५५५ क्षणभर मोठा प्रवाह ओढते. त्यामुळे शेजारची सर्किटे गडबडू नयेत म्हणून पुरवठ्यावर, आयसीच्या अगदी जवळ, एक कपॅसिटर लावावा. ७५५५ सारख्या सीमॉस आवृत्त्यांमध्ये हा त्रास बराच कमी असतो आणि त्यांना वीजही कमी लागते.

अचूकतेची अपेक्षा मात्र बेतानेच ठेवावी. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे मूल्य छापील आकड्यापेक्षा वीस टक्के कमी-जास्त असणे नेहमीचेच. दिव्याचे त्याने काही बिघडत नाही. घड्याळात नुसती एक टक्का चूकही दिवसाला चौदा मिनिटांहून जास्त भरते. म्हणून घड्याळांत क्वार्ट्झचा स्फटिक वापरतात. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की सेकंदाला बरोबर एक ठोका उरतो.